ग्रीक व रोमन वास्तुकला : स्तंभाच्या बदलत्या कार्याचा अभ्यास

गोषवारा :
पाश्चात्त्य कला व इतिहासाच्या अभ्यासक्रमांत ग्रीक आणि रोमन वास्तुकला बहुधा एकाच प्रकरणात व एकाच जोडनावाने शिकविली जाते. दोहोंच्या दर्शनी भागावर दिसणारे सारखे स्तंभ हे त्याचे प्रमुख कारण होय. प्रस्तुत लेखात ग्रीक स्तंभ-तुळई पद्धती, रोमन कमान व काँक्रीट पद्धती आणि त्यांतून आकारास आलेले वास्तुप्रकार यांचा परिचय करून दिला आहे. ग्रीक इमारतीत प्रामुख्याने भार वाहणारा स्तंभ रोमन इमारतीत अनेकदा भारमुक्त होऊन अलंकाराचे काम करू लागला आणि या बदलामुळे इमारतीचे केंद्र बाह्यरूपाकडून अंतर्भागाकडे सरकले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्तंभशैली, तुळई, कमान, घुमट, काँक्रीट, पार्थेनॉन, पँथिऑन, बॅसिलिका.

प्रस्तावना

वास्तुकला ही सर्व कलांमध्ये सर्वाधिक सामाजिक स्वरूपाची कला आहे. चित्र किंवा शिल्प एकट्या रसिकासाठी असू शकते. परंतु मंदिर, सभागृह, नाट्यगृह व स्नानगृह ही समाजाने समाजासाठी उभारलेली असतात. त्यामुळे एखाद्या संस्कृतीत लोक कोठे जमत होते, कशासाठी जमत होते आणि किती संख्येने जमत होते, याचा पुरावा तिच्या इमारती देतात. प्राचीन ग्रीस व रोम यांच्या बाबतीत हा पुरावा विपुल आहे. ऑगस्टसच्या काळात व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने लिहिलेला दहा भागांचा ग्रंथ उपलब्ध असल्याने या पुराव्याला समकालीन लेखनाचीही जोड मिळते. इमारतीच्या ठायी मजबुती, उपयुक्तता आणि सौंदर्य हे तीन गुण असावेत, ही त्याने मांडलेली कसोटी आजही वास्तुशास्त्राच्या वर्गांत सांगितली जाते.

असे असूनही या विषयाचे अध्यापन पुष्कळदा तीन स्तंभशैलींची नावे व त्यांची बाह्य लक्षणे पाठ करण्यापुरते मर्यादित राहते. डोरिक म्हणजे साधा, आयोनिक म्हणजे वेटोळ्यांचा आणि कॉरिंथियन म्हणजे पानांचा, एवढ्यावर विद्यार्थ्याची बोळवण होते. तो स्तंभ त्या जागी कोणते काम करीत आहे, हा प्रश्न विचारला जात नाही. वस्तुतः याच प्रश्नात ग्रीक व रोमन वास्तुकलेतील भेदाचे मर्म दडलेले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) ग्रीक वास्तुकलेतील प्रमुख घटक व त्यामागील रचनातत्त्व स्पष्ट करणे.
२) रोमन वास्तुकलेत कमान व काँक्रीट यांमुळे घडून आलेल्या परिवर्तनाचा परिचय करून देणे.
३) रचनातत्त्व आणि वास्तुप्रकार यांतील परस्परसंबंध निवडक उदाहरणांच्या आधारे दाखविणे.

ग्रीक रचनेचे मूळ : स्तंभ आणि तुळई

दोन उभे आधार आणि त्यांवर एक आडवी तुळई ही बांधकामाची अत्यंत प्राचीन पद्धती होय. ग्रीकांनी तीच स्वीकारली आणि परिपूर्णतेस नेली. तथापि या पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादा आहे. दगड दाब उत्तम सहन करतो, परंतु ताण सहन करण्याची त्याची क्षमता फारच थोडी असते. तुळईवर भार आला की ती किंचित वाकू पाहते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. दगडी तुळईला तडा जातो तो या खालच्या बाजूने. म्हणून तुळईची लांबी वाढविता येत नाही आणि स्तंभ एकमेकांजवळ उभे करावे लागतात. पार्थेनॉनच्या बाह्य ओळीतील दोन स्तंभांच्या मध्यांमधील अंतर सर्वसाधारणपणे ४.३ मीटर आहे. ग्रीक मंदिराभोवतीची स्तंभांची दाट रांग केवळ सौंदर्यदृष्टीतून आलेली नसून दगडाच्या या स्वभावाचाही तो परिणाम आहे.

आरंभीची ग्रीक मंदिरे लाकूड व कच्च्या विटांची होती. ऑलिंपिया येथील हेरादेवीच्या मंदिराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इ.स.पू. ६०० च्या सुमारास बांधलेल्या या मंदिराचे मूळ स्तंभ लाकडाचे होते व ते कालांतराने एकेक करून दगडाचे बसविले गेले, असे मानले जाते. त्यामुळे त्याच्या अवशेषांतील दगडी स्तंभ जाडीने व घडणीने परस्परांपासून भिन्न आहेत. इ.स. च्या दुसऱ्या शतकात पौसानिआस या प्रवाशाने हे मंदिर पाहिले, तेव्हा मागील दालनातील एक स्तंभ ओकच्या लाकडाचा असल्याची नोंद त्याने केली आहे.

लाकडाची ही स्मृती डोरिक शैलीच्या तपशिलांतही टिकून राहिली, असे व्हिट्रुव्हिअसचे मत होते. स्तंभांवरील तुळईच्या वर जो आडवा पट्टा असतो, त्यात तीन उभ्या पट्ट्यांची ट्रायग्लिफ नावाची पाटी आणि मेटोप नावाची चौकट आलटून पालटून येतात. ट्रायग्लिफ म्हणजे लाकडी कड्यांची बाहेर आलेली टोके झाकणाऱ्या फळ्यांची दगडातील प्रतिकृती होय, असे तो सांगतो. सर्वच आधुनिक अभ्यासकांना हे मत मान्य नाही. तरी बांधकामाची एक गरज कालांतराने अलंकारात कशी रूपांतरित होते, याकडे ते लक्ष वेधते.

तीन स्तंभशैली

ग्रीक वास्तुकलेत शैली म्हणजे केवळ स्तंभशीर्षाचा आकार नव्हे. स्तंभाची बैठक, दंड, शीर्ष, त्यावरील तुळई, शिल्पपट्ट व छज्जा या सर्वांचे परस्परप्रमाण ठरविणारी ती एक संपूर्ण व्यवस्था असते. व्यवस्थेतील एक माप बदलले की इतर मापे बदलावी लागतात.

डोरिक शैलीचा ग्रीक स्तंभ बैठकीवाचून थेट जोत्यावर उभा असतो. त्याच्या दंडावर सामान्यतः वीस उभ्या पन्हळी असतात आणि शीर्ष साध्या उशीसारखे व त्यावर चौकोनी फरशी असे असते. आयोनिक स्तंभ अधिक सडपातळ असून त्याला स्वतंत्र बैठक असते व शीर्षावर दोन्ही बाजूंस वेटोळी असतात. कॉरिंथियन शीर्षावर अकँथस या वनस्पतीची पाने कोरलेली असतात. या शैलीचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण बॅसी येथील अपोलोच्या मंदिरात, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही मंदिराच्या आतील भागात आढळले. ग्रीकांनी ही शैली बेताने वापरली. तिला खरी लोकप्रियता रोमन काळात लाभली.

ही व्यवस्था किती काटेकोर होती, हे डोरिक कोपऱ्याच्या प्रश्नावरून लक्षात येते. प्रत्येक स्तंभाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ यावा आणि शिल्पपट्टाचा शेवट कोपऱ्यावर ट्रायग्लिफनेच व्हावा, असे दोन नियम होते. परंतु तुळईची जाडी ट्रायग्लिफच्या रुंदीहून अधिक असल्याने कोपऱ्यातील स्तंभाच्या बाबतीत दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. यावर ग्रीक वास्तुविशारदांनी कोपऱ्यातील स्तंभ आतल्या बाजूस सरकविण्याचा उपाय योजला. पार्थेनॉनमध्येही कोपऱ्यांतील स्तंभांची अंतरे इतरांपेक्षा कमी आहेत. अलंकाराचा नियम आणि भार वाहणारा स्तंभ यांची येथे थेट गाठ पडते, आणि अलंकारासाठी प्रत्यक्ष स्तंभ हलवावा लागतो. ग्रीक इमारतीत दिसणारे रूप व प्रत्यक्ष रचना यांची किती जवळीक होती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ग्रीक वास्तुप्रकार

ग्रीक वास्तुप्रकारांत मंदिर हे सर्वश्रेष्ठ. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील पार्थेनॉनचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले व शिल्पकामासह ते इ.स.पू. ४३२ मध्ये पूर्ण झाले. इक्टिनस व कॅलिक्रॅटीझ हे त्याचे वास्तुविशारद, तर शिल्पकार फिडिअस याच्याकडे देखरेख होती. पेंटेलिक संगमरवराच्या या मंदिरास दर्शनी बाजूस आठ व लांबीच्या बाजूस सतरा स्तंभ आहेत आणि प्रत्येक स्तंभाची उंची सुमारे १०.४ मीटर आहे. जोत्याचा पृष्ठभाग मध्यावर किंचित उंचावलेला आहे, स्तंभांचा दंड मध्ये किंचित फुगीर आहे आणि स्तंभ आतल्या बाजूस थोडे झुकलेले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीसाठी घेतलेले हे परिश्रम होत.

ग्रीक मंदिर सामुदायिक उपासनेसाठी आत जमण्याची जागा नव्हते. गाभाऱ्यात देवतेची मूर्ती असे; यज्ञवेदी बाहेर उघड्यावर, सामान्यतः पूर्वेकडील दारासमोर असे आणि जनसमुदायही तेथेच जमे. त्यामुळे मंदिराचे बाह्यरूप हेच त्याचे सार्वजनिक रूप ठरले.

इतर ग्रीक वास्तूंमध्येही मोकळ्या अवकाशाला असेच महत्त्व होते. स्टोआ म्हणजे मागे भिंत व पुढे स्तंभांची ओळ असलेली लांब ओसरी. ती बाजारचौकाच्या कडेला असे व तेथे व्यापार, गप्पा, न्यायनिवाडे आणि तत्त्वचर्चा चालत. स्टोइक या तत्त्वज्ञानपंथाचे नावही तिच्यावरूनच पडले. पर्गमॉनचा राजा दुसरा अॅटलस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात अथेन्सला दिलेल्या दुमजली स्टोआची १९५२ ते १९५६ या काळात पुनर्बांधणी करण्यात आली. तिच्या प्रत्येक मजल्यावर एकवीस दुकाने होती. ग्रीक नाट्यगृह डोंगरउतारावर कोरलेले असे. एपिडॉरस येथील इ.स.पू. चौथ्या शतकातील नाट्यगृहात खालच्या भागात ३४ व नंतर वाढविलेल्या वरच्या भागात २१ अशा एकूण ५५ रांगा आहेत. आसनांचा भार तेथे टेकडीच पेलते.

मोठा समुदाय छताखाली बसवावयाचा झाल्यास मात्र स्तंभ-तुळई पद्धतीची अडचण प्रकर्षाने जाणवे. इल्यूसिस येथील धार्मिक दीक्षाविधीचे सभागृह हे याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे ५१ मीटर बाजू असलेल्या या चौरस सभागृहाच्या पाचव्या शतकातील रचनेत छत पेलण्यासाठी ४२ स्तंभ उभे करावे लागले. चारी बाजूंच्या पायऱ्यांवर बसलेल्या अनेकांना मधला विधी स्तंभांआडून पाहावा लागत असणार, हे उघड आहे. मोठी खोली आणि मोकळी खोली या दोन गोष्टी ग्रीक पद्धतीत एकत्र नांदणे कठीण होते.

रोमन परिवर्तन : कमान आणि काँक्रीट

ही अडचण दूर करणारी दोन साधने रोमनांनी मोठ्या प्रमाणावर उपयोगात आणली. त्यांपैकी पहिले साधन कमान. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात बसविले असता वरचा भार प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबतो. म्हणजेच कमानीतील दगड प्रामुख्याने दाबाखाली असतो आणि ताणाचा प्रश्न बहुतांशी मिटतो. मात्र माथ्यावरचा मधला दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तोवर तिला लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. शिवाय ती भार खाली नेताना बाजूंनाही रेटा देते. तो रोखण्यासाठी जाड भिंत किंवा शेजारची दुसरी कमान आवश्यक असते. कमान सलग लांबविली की नळीच्या आकाराचे छत होते, अशी दोन छते काटकोनात छेदली की चार कोपऱ्यांवर टेकणारे छत होते आणि कमान स्वतःभोवती फिरविली की घुमट होतो.

दुसरे साधन काँक्रीट. चुना, ज्वालामुखीची राख, पाणी आणि दगड-विटांचे तुकडे यांपासून ते तयार होई. नेपल्सजवळील पोझ्झुओली परिसरातील राख त्यासाठी विशेष प्रसिद्ध होती आणि तिच्या गुणामुळे हे मिश्रण पाण्याखालीही घट्ट होत असे. जूडियाचा राजा हेरॉड याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस सिझेरिया येथे उभारलेल्या बंदरासाठी ही राख इटलीतून समुद्रमार्गे नेण्यात आली होती. रोमन काँक्रीटमध्ये आढळणारे चुन्याचे पांढरे खडे पूर्वी निष्काळजी मिश्रणाचे लक्षण मानले जात. २०२३ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते न विझविलेला चुना वापरून केलेल्या उष्ण मिश्रणाचे फलित असावेत आणि भेगेत पाणी शिरल्यावर हाच चुना विरघळून ती भेग बुजविण्यास साहाय्य करीत असावा.

काँक्रीटसाठी ग्रीक पाथरवटासारख्या कसबी हातांची जागोजागी गरज नव्हती. साचे, भरणी आणि वरून विटांचे किंवा दगडांचे आवरण अशी कामाची विभागणी करता येई. साम्राज्याच्या विस्तारास आवश्यक असलेली मोठी बांधकामे यामुळे शक्य झाली. कमानीची ताकद केवळ दगडातही किती होती, याची साक्ष दक्षिण फ्रान्समधील पाँ द्यू गार हा इ.स. पहिल्या शतकातील जलसेतू देतो. कमानींच्या तीन मजल्यांचा हा सेतू सुमारे ४९ मीटर उंच आहे. ज्या पाटाचा तो भाग आहे, तो सुमारे ५० किलोमीटर अंतरात केवळ १२ ते १३ मीटर उतरून नीम शहराला पाणी पुरवीत असे.

स्तंभाचे बदललेले कार्य

भार वाहण्याचे काम कमान व भिंत यांनी उचलल्यावर स्तंभ नाहीसा व्हावयास हवा होता. परंतु तसे झाले नाही. ग्रीक कलेविषयी रोमनांना वाटणारा आदर आणि स्तंभाला प्राप्त झालेली प्रतिष्ठा यांमुळे तो टिकून राहिला. मात्र त्याची भूमिका बदलली.

कॉलोसिअम या अँफिथिएटरच्या बाह्य भिंतीवर हा बदल स्पष्ट दिसतो. सम्राट व्हेस्पेझिअनने आरंभिलेली ही इमारत टायटसच्या कारकिर्दीत इ.स. ८० मध्ये खुली झाली. तिच्या खालच्या तीन मजल्यांवर कमानींच्या रांगा असून प्रत्येक दोन कमानींच्या मध्ये भिंतीत अर्धवट रुतलेला स्तंभ आहे. तळमजल्यावर डोरिकशी नाते सांगणारी टस्कन, त्यावर आयोनिक व त्यावर कॉरिंथियन असा शैलींचा चढता क्रम आहे आणि सर्वांत वरच्या मजल्यावर चपटे भित्तिस्तंभ आहेत. प्रेक्षकांचा व आसनांचा भार आतील कमानदार छते, खांब आणि भिंती वाहतात. बाह्य स्तंभांकडे उरते ते अजस्र भिंतीची विभागणी करून तिला माणसाच्या नजरेत मावेल असे प्रमाण देण्याचे काम.

मंदिराच्या रचनेतही असेच झाले. नीम येथील मेझाँ कारे हे इ.स. च्या पहिल्या शतकाच्या आरंभीचे मंदिर उंच जोत्यावर उभे असून पायऱ्या केवळ समोरच्या बाजूस आहेत. समोरचा मंडप मोकळ्या स्तंभांचा आहे. परंतु गाभाऱ्याभोवतीचे स्तंभ भिंतीत रुतलेले आहेत. ग्रीक मंदिराला चारी बाजूंनी पायऱ्या व फिरण्याजोगा स्तंभमार्ग असे, तर रोमन मंदिर भाविकाला एका निश्चित दिशेने, समोरून येण्यास सांगते. त्याच्या बाजूचे स्तंभ त्या जुन्या स्तंभमार्गाची आठवण तेवढी देतात.

रोमन वास्तुप्रकार

स्तंभाच्या बंधनातून सुटका झाल्यामुळे रोमन वास्तुप्रकारांत अंतर्भागाला महत्त्व आले. नाट्यगृहाला टेकडीची गरज उरली नाही. रोममधील मार्सेलसच्या नाट्यगृहाप्रमाणे ते सपाट जागेवर, शहराच्या मध्यभागी, कमानींच्या आधारे उभारता येऊ लागले. कॉलोसिअमच्या तळमजल्यावरील ८० कमानी आणि त्यांमागील जिने व मार्ग यांमुळे हजारो प्रेक्षकांची ये-जा सुरळीत होई. आजच्या क्रीडागारांची आखणी त्याच तत्त्वावर होते.

सार्वजनिक स्नानगृहे हा खास रोमन जीवनपद्धतीचा आविष्कार होय. रोममधील कॅराकॅलाच्या स्नानगृहाची मुख्य इमारत इ.स. २१२ ते २१६ या काळात उभी राहिली. थंड, कोमट व उष्ण पाण्याची दालने, व्यायामाची पटांगणे, बागा यांचा त्यात समावेश होता. जमिनीखाली विटांच्या लहान खांबांवर फरशी उचलून त्या पोकळीतून भट्टीची उष्ण हवा खेळविली जाई. डायोक्लीशनच्या स्नानगृहातील मोठ्या दालनाचे सोळाव्या शतकात मायकेलअँजेलोच्या आराखड्यानुसार चर्चमध्ये रूपांतर करण्यात आले आणि ते आजही वापरात आहे.

बॅसिलिका म्हणजे न्यायदान, व्यापार व सार्वजनिक व्यवहार यांसाठीचे लांबट सभागृह. मॅक्सेंटिअसने आरंभिलेल्या व कॉन्स्टंटाइनने पूर्ण केलेल्या बॅसिलिकेत काटकोनात छेदणाऱ्या कमानदार छतांचे सुमारे ३५ मीटर उंचीचे मध्यदालन होते. त्यातील आठ प्रचंड संगमरवरी स्तंभांपैकी उरलेला एकमेव स्तंभ १६१४ मध्ये सांता मारिया माज्जोरे या चर्चसमोरील चौकात उभारण्यात आला. मध्यदालनाचे छत त्याआधीच कोसळले होते; परंतु उत्तरेकडील तीन कमानदार दालने जाड भिंतींच्या बळावर आजही उभी आहेत. पुढे ख्रिस्ती समाजाला सामुदायिक प्रार्थनेसाठी मोठ्या अंतर्भागाची गरज भासली, तेव्हा त्याने देवमंदिराचा नमुना न घेता बॅसिलिकेचा घेतला, ही बाब लक्षणीय आहे.

पार्थेनॉन आणि पँथिऑन : एक तुलना

दोन परंपरांमधील अंतर पार्थेनॉन व रोममधील पँथिऑन यांच्या तुलनेतून नेमके समजते. पार्थेनॉनचा मुख्य गाभारा सुमारे १९ मीटर रुंद होता. त्याचे छत पेलण्यासाठी आत तीन बाजूंनी दुमजली डोरिक स्तंभरांग उभारावी लागली आणि त्या चौकटीत सोने व हस्तिदंत यांनी घडविलेली अथेनाची सुमारे १२ मीटर उंच मूर्ती होती.

हेड्रिअनच्या कारकिर्दीत, इ.स. १२५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑनच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्याची उंचीही जवळजवळ तेवढीच आहे. म्हणजे त्या दालनात एक संपूर्ण गोल मावू शकतो. मध्ये एकही आधार नाही. घुमट पेलणारी गोलाकार भिंत सुमारे ६ मीटर जाड आहे. वर जाताना घुमटाची जाडी कमी होत माथ्याजवळ ती सुमारे १.२ मीटर राहते. काँक्रीटमधील दगडही बदलत जातात. तळाशी जड दगडांचे व माथ्याशी हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडांचे तुकडे आहेत. आतील बाजूस २८ चौकोनी खळग्यांच्या पाच रांगा आहेत व माथ्यावर उघडा गोल झरोका आहे. लोखंडी सळ्यांवाचून केलेल्या काँक्रीटचा हा जगातील सर्वांत मोठा घुमट होय.

या इमारतीच्या दर्शनी मंडपात इजिप्तमधून आणलेल्या ग्रॅनाइटचे सोळा एकसंध स्तंभ आहेत व ते मंडपाचे छत खरोखरच पेलतात. आत गेल्यावरही भिंतीतील कोनाड्यांपुढे स्तंभ दिसतात. परंतु घुमटाचा भार भिंतीच्या गाभ्यात दडविलेल्या विटांच्या कमानी कोनाड्यांच्या बाजूंच्या भरीव भागांकडे वळवितात. एकाच इमारतीत बाहेर भारवाही स्तंभ आणि आत प्रायः शोभेचा स्तंभ असे दोन्ही पाहावयास मिळतात.

या विभागणीच्या मर्यादा

वरील प्रतिपादन ही मुख्य प्रवृत्ती आहे, निरपवाद नियम नव्हे. ग्रीकांना कमान अज्ञात नव्हती, मॅसिडोनियातील इ.स.पू. चौथ्या शतकातील थडग्यांवर दगडी कमानदार छते आढळतात. सिसिलीतील अॅक्रागास येथील झ्यूसच्या विशाल मंदिरात इ.स.पू. पाचव्या शतकातच स्तंभ भिंतीत रुतविलेले होते. उलटपक्षी रोममध्ये ट्रेजनने इ.स. ११२ मध्ये अर्पण केलेल्या बॅसिलिका उल्पियाचे लाकडी छत स्तंभरांगांवरच तोललेले होते. साधने दोन्ही समाजांना कमीअधिक प्रमाणात माहीत होती; कोणत्या साधनाला इमारतीचा केंद्रबिंदू मानावयाचे, यात भेद होता.

रचनेच्या आकलनाचे महत्त्व

कोणता घटक काय काम करतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अक्रोपोलिसवरील वास्तूंचे जे जतनकार्य निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८९८ पासून पुढे काही दशके चालले, त्याचे उदाहरण उद्बोधक आहे. प्राचीन ग्रीक कारागीर दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतून त्या गंजापासून सुरक्षित ठेवीत. विसाव्या शतकातील दुरुस्तीत उघडे लोखंड मुक्तपणे वापरले गेले, तसेच अनेक दगड त्यांच्या मूळ जागी बसविले गेले नाहीत. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवराला तडे गेले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या जतन समितीच्या मार्गदर्शनाखाली ते लोखंड काढून टायटॅनिअम वापरण्याचे आणि दगडांची मूळ स्थाने शोधण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येक दगडाचे स्थान व कार्य न ओळखता केलेली दुरुस्ती वास्तूला कशी घातक ठरते, हे यातून दिसते.

महाराष्ट्रातील अध्यापकांना या विषयासाठी जवळचे उदाहरणही उपलब्ध आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा टाऊन हॉल, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, त्याच्या दर्शनी भागावर डोरिक स्तंभ आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रुंद पायऱ्या समोरून चढतात. स्तंभाची शैली ग्रीक परंपरेकडे निर्देश करते. समोरून चढविण्याची योजना मात्र रोमन मंदिराशी अधिक जुळते. अशा इमारतीसमोर विद्यार्थ्यांना उभे करून शैलीचे नाव विचारण्याबरोबरच भार कोण वाहतो आणि इमारत माणसाला कोठे उभे करू पाहते, हे दोन प्रश्न विचारल्यास पाठांतराचा विषय निरीक्षणाचा होऊ शकेल.

निष्कर्ष

१) ग्रीक वास्तुकलेत स्तंभ हा रचनेचा व सौंदर्याचा एकच आधार होता, त्यामुळे तिची परिपूर्णता प्रामुख्याने बाह्यरूपात प्रकटली.
२) कमान व काँक्रीट यांमुळे रोमन वास्तुकलेत भार भिंतींकडे गेला, स्तंभ बऱ्याच अंशी प्रतिष्ठेचे चिन्ह बनला आणि विशाल, निर्वेध अंतर्भाग शक्य झाले.
३) वास्तुप्रकार हे रचनातत्त्व आणि समाजजीवन या दोहोंतून घडतात. वेदीभोवती उघड्यावर जमणाऱ्या समाजाने स्तंभमंदिर घडविले. छताखाली स्नान, न्याय व व्यापार करणाऱ्या समाजाने घुमट व कमानदार सभागृहे घडविली.
४) म्हणून या दोन परंपरा एका जोडनावाखाली शिकविताना त्यांतील साम्य दर्शनी भागापुरते आहे की रचनेपर्यंत पोहोचते, याची तपासणी प्रत्येक उदाहरणात स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.